दुसऱ्या क्रमांकाचा मोरीसान

नमस्कार. बसून घ्या सगळे. मागे बूट काढायच्या जागेपाशी काही जण अजून उभे दिसतायत. या ना पुढे, तातामीच्या चटयांवर जागा आहे. लहान मुलांना मांडीवर घ्या म्हणजे झालं.

मला बोलायची सवय नाही. या हॉलमध्ये मी आजवर माइक हातात घेतला तो गणपतीत, "पानं वाढली आहेत, चला" एवढं सांगायला. आज मंजिरी म्हणाली, "सुनेत्राताई, तुम्हीच बोला. आणि मराठीत बोला." मी म्हटलं, अगं, त्याची आई येणार, त्याच्या संघातली मुलं येणार, त्यांना काय कळणार? तर म्हणाली, "जपानीत सगळं बोलून झालंय, ताई. मला माझ्या भाषेत ऐकायचंय."

खरंय तिचं. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडचे जपानी विधी झाले. आपण सगळे रांगेत उभे राहिलो, धुपाची चिमूट वाहिली, वाकून नमस्कार केला आणि निघालो. कुणी कुणाशी बोललं नाही. तिथे तशीच पद्धत. पण आपल्याला बोलल्याशिवाय जमत नाही ना. म्हणून आज इथे निशी-कसाईच्या आपल्या हॉलमध्ये जमलोय. कुठून सुरुवात करू ते मात्र खरंच कळत नाही.

मोरी तेत्सुओ. मंजिरीचा नवरा, मिओचा बाबा. आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायचा. मी त्याला 'तो' म्हणते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. धाकट्या दिरासारखा होता मला. मला 'वहिनी' म्हणायचा. हा शब्द त्याला मंजिरीने शिकवला नव्हता. गणपतीत सगळे मला वहिनी म्हणतात ते ऐकून तो आपला आपण शिकला होता.

मंजिरी पुण्याहून आली ती त्या दिवसांत, जेव्हा दर महिन्याला आपल्यापैकी कुणी ना कुणी प्रेशर कुकर घेऊन नारिता विमानतळावर उतरत होतं. ऑफिसात हिच्या समोरच्या टेबलावर हा. वर्षभराने हिने घरी फोन केला. आई म्हणाली, "जपानी? बरं. आडनाव काय?" ही म्हणाली, "मोरी." मग आई म्हणाली, "अगं, लोकांना सांगू काय? माझी लेक मोरीत दिली?"

हसा. हसा, काही हरकत नाही. त्यालाही हा किस्सा फार आवडायचा. मोरी म्हणजे मराठीत काय ते कळल्यावर तो नव्या माणसाला स्वतःची ओळखच तशी करून द्यायचा.

मग तिच्या बाबांनी विचारलं, "नोकरी सोडून आणखी काय करतो?" मंजिरी म्हणाली, "कंपनीच्या संघातून फुटबॉल खेळतो. अमेरिकन फुटबॉल. क्वार्टरबॅक आहे. दुसरा."

"दुसरा म्हणजे?"

"म्हणजे पहिला खेळतो, आणि त्याला काही झालं तर हा."

बाबा म्हणाले, "म्हणजे बसतो."

आता ज्यांना या खेळातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मलाही कळत नव्हतं. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मधला माणूस. चेंडू पहिल्यांदा याच्या हातात येतो. त्याचे गडी चहूकडे पळत सुटतात, समोरून डोंगराएवढी माणसं याला आडवं करायला येतात, आणि तेवढ्या दोन-चार श्वासांत याने ठरवायचं, चेंडू कुणाकडे फेकायचा. सगळा सामना त्याच्या त्या फेकण्यावर. मैदानात असा एकच. दुसरा बाहेर, टोपी घालून उभा. आपला बारावा गडी असतो ना, तसा. पण बारावा गडी निदान पाणी घेऊन तरी आत जातो. हा नाही जात. आणि सरावात या दुसऱ्याचं काम काय, माहीत आहे? येत्या सामन्यात समोर जो क्वार्टरबॅक येणार, त्याची नक्कल करायची. तो जसा पळतो तसं पळायचं, तो जसा फेकतो तसं फेकायचं. म्हणजे आपल्या गड्यांना सवय व्हावी. वर्षानुवर्षं मोरीसान दर आठवड्याला दुसऱ्याच कुणाचा तरी खेळ खेळत होता. दिवसा ऑफिस, संध्याकाळी सराव, आणि सामन्याच्या दिवशी टोपी.

एकदा मी त्याला विचारलं, "कंटाळा नाही येत?" तो म्हणाला, "वहिनी, पहिला सुदोसान आहे. फार चांगला आहे." बस, एवढंच. मला वाटलं प्रश्न कळला नसेल. आता वाटतं, चांगलाच कळला होता.

त्या एका सामन्याला आपल्यातले बरेच जण होते. भडंगाची पुडकी घेऊन गेलो होतो, आठवतंय? सुदोसानचा खांदा निखळला, त्याला बाहेर नेलं आणि मोरीसानने टोपी काढून ठेवली. संघ मागे होता. मला खेळातलं काही कळत नव्हतं, मी आपली मंजिरीच्या हाताकडे बघत होते. माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. शेवटी याने एक चेंडू फेकला, लांबच लांब, तिकडे याच्याच संघातल्या गड्याने तो छातीशी धरला आणि सामना जिंकला. आमचे श्रीकांत, जे आयुष्यात क्रिकेट सोडून कशाला टाळी वाजवत नाहीत, ते बाकावर उभे राहून ओरडत होते.

त्या संध्याकाळी आमच्याकडे सगळ्यांची जेवणं होती. मी थालीपिठं लावत होते. मोरीसान थालीपिठावर मेयोनेज घालून खायचा, त्यावरून मी नेहमी त्याला रागवायचे, पण त्या दिवशी बाटलीच पुढे ठेवली. आणि जेवता जेवता वाद सुरू झाला. श्रीकांत म्हणाले, "छान खेळलास. पण अर्धा सामना वेगळा. समोरचे सुदोची तयारी करून आले होते. तू कोण, हे त्यांना माहीतच नव्हतं. आता तुझा खेळ बघून, तुझी तयारी करून येतील, तेव्हा काय होतं ते खरं."

मंजिरी भडकली. "म्हणजे हरला असता तर नालायक, आणि जिंकला तर नशीब?"

"तसं नाही गं. कित्येक जण असे असतात. मध्येच येऊन कमाल करतात, आणि कायमची जबाबदारी दिली की जमत नाही. काहींना जमतं. कुणाला जमेल ते आधी सांगता येत नाही."

आणि मोरीसान काय म्हणाला? शांतपणे घास संपवला आणि म्हणाला, "श्रीकांतसान बरोबर बोलतात. मलाही माहीत नाही. कळायचं तर पूर्ण मोसम खेळायला पाहिजे."

सुदोसानचा खांदा बरा झाला. मोरीसानने परत टोपी घातली.

मग मिओ झाली. आणखी काही मोसम गेले. सुदोसान निवृत्त झाला. आणि एका रविवारी आमच्या दाराची घंटा वाजली. दारात हा उभा. घामाघूम, सरावाच्या कपड्यांतच. आधी खाली माझ्याकडे आला होता, कारण मंजिरी मिओला घेऊन आमच्याच घरी होती. मला बघून कमरेत वाकला आणि मराठीत म्हणाला, "वहिनी, मी बसणार नाही."

मला आधी वाटलं, घाईत आहे, चहाला थांबणार नाही. मंजिरी आतून ओरडतच बाहेर आली. तिला कळलं होतं, आता पहिला हाच.

तो उन्हाळा त्याच्या आयुष्यातला... नाही, हे मी म्हणायला नको. मला काय माहीत? पण मी त्याला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. जिन्यात भेटला तरी थांबून काहीतरी सांगायचा. पुण्याला बाबांना त्याने स्वतः फोन केला. बाबा म्हणाले, "आता सामना आम्हाला टीव्हीवर दिसणार का?" नव्हता दिसणार. मंजिरीने सांगितलं, चित्रीकरण करून पाठवते.

पहिला सामना जिंकले. दुसऱ्यात पहिला अर्धा भाग चांगला गेला आणि मग चेंडू आखूड पडायला लागले. जिथे पोहोचायला हवेत त्याच्या हातभर अलीकडे. तिसऱ्या सामन्यात तर तो फेकायच्या आधीच पडत होता. समोरचे येतायत ते दिसत होतं त्याला, पण पाय हलत नव्हते. सगळ्यांचं मत तयार झालं. खेळाच्या एका मासिकात कुणीतरी लिहिलं की हा दुसऱ्या क्रमांकालाच शोभणारा खेळाडू आहे. श्रीकांतचं म्हणणं खरं ठरल्याचा त्यांना आनंद झाला नव्हता.

आणि मोरीसान? त्याने ते मान्य केलं. मला म्हणाला, "पहिल्याचं मन मोठं लागतं, वहिनी. सगळा सामना ते भरलेलं राहायला लागतं. माझं अर्ध्यात रिकामं होतं." आणि ते भरायला हा काय करायचा? रोज सकाळी ऑफिसच्या आधी आराकावा नदीच्या काठाने पळायचा. आधीपेक्षा जास्त. परत आला की जिन्यात बसायचा. मी दूध आणायला निघाले की दिसायचा, कठड्याला डोकं टेकून बसलेला. मी विचारायचे, "मोरीसान, दाइजोबु?" ठीक आहे ना? तो म्हणायचा, "दाइजोबु, दाइजोबु."

हातांवर निळे-काळे डाग असायचे. मी बघितले होते. मंजिरीने बघितले होते. सगळ्या संघाने बघितले होते. पण अहो, तो फुटबॉल खेळत होता! त्याला दर आठवड्याला माणसं आडवी पाडत होती. त्याच्या अंगावर डाग दिसले तर कोण काय म्हणणार? जेवता जेवता डोळा लागायचा. ऑफिस, सराव, लहान मूल. कुणाला काय वाटणार?

प्रशिक्षकांनी त्याच्या जागी नव्या खेळाडूला उतरवलं. मोरीसानने परत टोपी घातली.

मग कंपनीत दरवर्षी होते ती तपासणी झाली. रक्त घेतलं. त्याच दुपारी डेस्कवर फोन, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात या. मंजिरीचं जपानी ऑफिसचं, रुग्णालयातले शब्द तिला कळणार नाहीत म्हणून तिने मला सोबत नेलं. माझं जपानी सुपरमार्केटच्या गल्ल्यावर उभं राहून शिकलेलं. मलाही ते शब्द येत नव्हते. डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं. त्यातलं एक अक्षर 'रक्त' हे होतं, तेवढं मला वाचता आलं.

रक्ताचा कर्करोग. डॉक्टर म्हणाले, बहुधा काही महिने हे आत चालू असणार. रक्त कमी होत होतं. असा माणूस जिना चढतानाही थकतो.

मोरीसानने एकच प्रश्न विचारला. किती दिवस, बरा होईन का, काही नाही. त्याने विचारलं, "मोसम सुरू झाला तेव्हाही होतं का?"

डॉक्टरांना कळेना, कसला मोसम. मी सांगितलं. ते म्हणाले, "असू शकेल. नक्की सांगता येणार नाही."

त्याला तिथेच ठेवून घेतलं. आम्ही दोघी लिफ्टने खाली निघालो. लिफ्टचं दार बंद झालं आणि मंजिरीने माझे दोन्ही खांदे धरले. "ताई! म्हणजे त्याचा दोष नव्हता! तो वाईट खेळत नव्हता, ताई, तो आजारी होता!" हसत होती हो ती. चेहरा उजळला होता. आणि खालचा मजला यायच्या आत तिला कळलं की आपण कशावर हसतोय. दार उघडलं तेव्हा ती लिफ्टमध्ये खाली बसली होती. बाहेर लोक उभे होते. कुणी आत आलं नाही. दार परत बंद झालं.

मंजिरी, हे सांगू ना? विचारलं होतं मी तुला. तू हो म्हणालीस म्हणून सांगते.

मित्रांनो, आपण इथे एकमेकांसाठी काय काय करतो. कुणाला घर मिळत नाही, आपण हमी देणारा शोधतो. गॅस जोडून देतो, कचरा कुठला कुठल्या दिवशी टाकायचा ते सांगतो, मुलांना शाळेत घालतो, बाळंतपणं करतो. काहीही अडलं की या हॉलमधला एक फोन दुसऱ्याला जातो आणि काम होतं. आपल्याला सवयच झालीय काम होण्याची.

इथे काहीच होईना. दुसऱ्याच्या अस्थिमज्जेची गरज होती. त्याच्या भावाची जुळली नाही. ही मागे बसलेली सगळी मुलं, सगळा संघ, जाऊन नाव नोंदवून आला. एकाचीही जुळली नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांनी मला विचारलं, आमची चालेल का? मी डॉक्टरांना विचारलं. ते फार नम्रपणे म्हणाले, तुमच्या मनाबद्दल आभार, पण तुमच्या लोकांची याच्याशी जुळण्याची शक्यता नसल्यासारखीच आहे. मग म्हटलं, डबा तरी देऊ. बाहेरचं अन्न आत चालत नव्हतं. साधा वरणभात नेता आला नाही आपल्याला. मी रोज काचेबाहेर जाऊन उभी राहायचे. काय करायचे? काही नाही. उभी राहायचे. तोंडावर मास्क, त्यामुळे हसलेलंही त्याला दिसत नसेल.

मध्ये थोडे दिवस तो घरी आला होता. डोक्यावर केस नव्हते. मिओ पडद्यामागून म्हणाली, "पापा जानाइ." हा बाबा नाही. आपली मुलं जपानीतच बोलतात, काय करणार. तो मराठीत म्हणाला, "मीच आहे गं." चार-पाच दिवसांनी ती त्याच्या डोक्यावर चित्रं चिकटवायला लागली. आणि मग परत ताप आला आणि परत नेलं.

शेवटच्या दिवसांतलं एक सांगते आणि थांबते.

प्रशिक्षक भेटायला आले होते. ते आज इथे नाहीत, त्यांना परगावी जावं लागलं. मंजिरी जरा घरी गेली होती, मी होते. आम्हाला एव्हाना आत जाऊ देत होते. का जाऊ देत होते ते आम्हाला कळत होतं. प्रशिक्षक खुर्चीवर ताठ बसले. खेळाडूंबद्दल, हवेबद्दल बोलून झालं. मग मोरीसान म्हणाला, "एक विचारू? माझी तब्येत ठीक असती, तर मी पहिला म्हणून जमवलं असतं का?"

मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा. हो म्हणा हो. काय जातंय तुमचं?

त्या माणसाने मान खाली घातली. गुडघ्यांवरच्या त्याच्या मुठी मला दिसत होत्या. मग म्हणाला, "मला माहीत नाही, मोरी. मी पुष्कळ विचार केला. तुझ्यासारखे काही जमवतात, काही नाही. तू कुठला, ते मला बघायचं होतं. मला बघायला मिळालं नाही."

मला इतका राग आला. ते गेल्यावर मी मोरीसानला म्हटलं, "असं बोलतात का आजारी माणसाशी?"

तो हसला. आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाला, "वहिनी, ते हो म्हणाले असते तर मला कळलं असतं, की आता मी जाणार."

त्यानंतर आठवडाही गेला नाही.

आज आजी-आजोबांसाठी खुर्च्या मांडताना मंजिरी माझ्याजवळ आली. म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणा ना सगळ्यांसमोर, की त्याला जमलं असतं. मला एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकायचंय." मी खुर्च्या मांडत राहिले. मंजिरी, मला तो फार आवडायचा, म्हणून हो म्हणावंसं वाटतं. पण मला माहीत नाही गं. कुणालाच माहीत नाही. आणि आता कधी कळणारही नाही.

सगळ्यांनी उभं राहायचंय. आजींना हात द्या कुणीतरी. त्या मागच्या मुलांना मी आता जपानीत सांगते, म्हणजे तीही उभी राहतील. मी बसा म्हणेपर्यंत शांत राहू या. मुलं बोलली तर बोलू द्या, त्यांना दटावू नका.

मोरीसान, आम्हाला काही करता आलं नाही. नमस्कार.